आईशी शेवटचे बोलायचे राहून गेले. हे दुःख हलके कसे होईल?

आपल्या आईचा आजार घरच्यांनी तिच्यापासून शेवटपर्यंत लपवला, त्यामुळे निरोपाचे बोलणे झाले नाही आणि आठ महिन्यांनंतरही आपण दुःखाच्या पाच टप्प्यांपैकी कुठल्या टप्प्यावर आहोत हे कळत नाही, असे आपण लिहिले आहे. टप्पे मोजणे सोडून द्या. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार हे ते टप्पे मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडले, तेही मरणासन्न रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते ओळीने पार करावेत असा कुठलाही नियम नाही.

माझ्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांना काहीही सांगायचे नाही असे आमच्याही घरी ठरले होते. ते धीर सोडतील, असे दादाचे म्हणणे होते. एका दुपारी बाबांनीच मला, "डॉक्टर काय म्हणतात ते खरे सांग," असे विचारले आणि मी सांगितले. ते बराच वेळ धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत राहिले आणि मग त्यांनी पेन्शनची फाइल मागितली. त्यानंतर त्यांनी अबोला धरलेल्या चुलत भावाला कोथरूडहून बोलावून घेतले, ठेवींच्या पावत्या आईला एकेक करून समजावून दिल्या आणि म्हणाले, "नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला विसरू नकोस, तुला सगळे जमेल." त्या वाक्याच्या आधारावर आई आजही उभी आहे.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा दादा हात जोडून, "बाबा, आईला मी सांभाळीन, राहते घर विकणार नाही, आपल्यातले भांडण मनात ठेवू नका," असे रडत रडत सांगत होता. हेच सगळे ऐकायला बाबा काही दिवसांपूर्वीपर्यंत सदाशिव पेठेतल्या घरात पलंगावर टेकून बसलेले होते. तरीही, मी सांगितले म्हणून बाबा लवकर गेले, असे दादा अजून म्हणतो. मला ते साफ अमान्य आहे. बाबांना आजाराने नेले. सांगितल्यामुळे त्यांना आपले जाणे आपल्या हातांनी आवरता आले.

त्या दिवशी घाटावर बोलून झाल्यावर दादाला शांत झोप लागली, हेही खरे आहे. म्हणून आपणही राहिलेले बोलणे आईच्या फोटोसमोर मोठ्याने बोला, राग असेल तर तोही बोला. घरच्यांनी मायेपोटी लपवले असेल, पण निरोप घेण्याचा आईचा हक्क त्यांनी परस्पर काढून घेतला, हे त्यांना एकदा स्पष्ट सांगा.

अर्थात प्रत्येक रुग्णाला सगळे जाणून घ्यायचे असतेच असे नाही. किती ऐकायचे आहे हे आधी त्यालाच विचारावे. आणि सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून रोजचे जगणे बंद पाडणाऱ्या दुःखाला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात उपचारयोग्य विकार मानले आहे, त्यामुळे झोप, जेवण आणि काम अजूनही मार्गी लागले नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतच बोला.