रोजनामा स्वतः वाचत जा

प्रिय बाळ,

घटस्फोटाबद्दल फोनवर तू एकच विचारत होतीस, "वकील बघतील ना सगळं?" बघतील. पण केस तुझी आहे. इतकी वर्षं वकिली करताना सर्वांत जास्त हाल मी त्यांचे पाहिले, ज्यांना आपल्याच केसमध्ये काय चाललंय हे माहीत नव्हतं.

घटस्फोटाच्या अर्जासाठी नवऱ्याच्या गावी जायची गरज नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये २००३ साली दुरुस्ती झाली. अर्जदार पत्नी असेल तर ती सध्या राहते तिथेही अर्ज करता येतो. वकिलाची फी झेपत नसेल तर कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय शोध. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

अर्ज नोंदला की सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, मागून घे. त्यावरून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर पुढची तारीख घरबसल्या दिसते. तारखेला वेळेआधी पोहोच, बोर्डावर आपला नंबर बघ आणि पुकारा होईपर्यंत दारापासून हलू नकोस. संध्याकाळी त्या दिवशीचा रोजनामा, म्हणजे कोर्टात काय झालं याची नोंद, वाच. कळला नाही तर वकिलांना विचार, संकोच नको.

समुपदेशकाकडे पाठवतील. तुझ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. समेटाचा प्रयत्न करणं कौटुंबिक न्यायालयाला १९८४ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. शांतपणे तुझं म्हणणं सांग.

खर्चाची ओढाताण आहे ना? मग हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज लगेच दे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. म्हणजे तू थांबशील तितके महिने तुझेच जातील. प्रतिज्ञापत्रात तुझा पगार मात्र खरा लिही. एक लपवलेलं खातं सापडलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलं तर अटींचा मसुदा घरी आणून दोनदा वाच. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे योग्य प्रकरणात कोर्ट ते माफ करू शकतं. पण हुकूम होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे कायम ध्यानात ठेव. माझ्या एका पक्षकाराने "पैसे नंतर देतो" या तोंडी शब्दावर शेवटचा जबाब दिला. त्या पैशांसाठी तिला पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि तिला मी तेव्हा अडवलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. रक्कम, स्त्रीधन, एकमेकांवरच्या इतर केसेस कोण कधी मागे घेणार, सगळं लेखी हवं. डिमांड ड्राफ्ट कोर्टासमोर हातात येऊ दे, मगच शेवटचा जबाब.

हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल काढून जपून ठेव. पासपोर्टपासून बँकेपर्यंत लागेल. केस लढून निकाल लागला तर अपिलाची नव्वद दिवसांची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाचा विचारही करू नकोस.

सोमवारी ये. लग्नाचा दाखला, पगाराच्या स्लिपा आणि त्याच्याशी झालेले मेसेज घेऊन ये. मेसेज डिलीट करू नकोस, रागाच्या भरात तू पाठवलेलेही नाही. ते मला आधी दिसायला हवेत.

तुझी,
मावशी