शिकाऊ कामगाराला बेंच ग्राइंडरवर पहिल्यांदा उभं करण्याआधी काय तपासावं?

आधी मशीन, मग माणूस. टूल रेस्ट (घासायचा तुकडा, म्हणजे जॉब, टेकवायचा आधार) आणि घासणाऱ्या चाकातली फट 3 मिमीपेक्षा जास्त नको. चाक झिजतं तशी ती वाढते, मग जॉब आत ओढला जाऊन अडकतो आणि चाक फुटू शकतं. फट जुळवताना मशीन बंदच हवं.

नवं चाक बसवण्याआधी हत्याराच्या लाकडी मुठीने हलकं ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर तडा आहे, वापरू नका. बसवल्यावर मिनिटभर रिकामं फिरवा, उभं राहायचं ते बाजूला.

गॉगल हवाच. हातमोजे मात्र नकोत, चाकात अडकले तर बोटंही ओढली जातात.

आणि ‘समजलं का?’ विचारू नका, नवखा ‘हो’च म्हणतो. मशीन कसं बंद करायचं ते त्यालाच करून दाखवायला लावा.