९४ च्या जिप्सीत २००४ चं इंजिन: कर्ज काढू की एफडी मोडू?

प्रश्न: माझ्याकडे १९९४ ची मारुती जिप्सी आहे, एक लिटरची, कार्बोरेटरवाली. मामांची गाडी, त्यांच्यानंतर माझ्या नावावर झाली. इंजिन आता निळा धूर सोडतं, ऑइल पितं आणि चार माणसं बसली की चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात जीव काढतं. कराडच्या आमच्या मेकॅनिकने २००४ च्या जिप्सी किंगचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारं) इंजिन शोधलंय. गिअरबॉक्स, वायरिंग, मजुरी धरून २ लाख १० हजार सांगतो. १५ हजार बयाणा दिलाय. हातात पगार ७८ हजार, गृहकर्जाच्या हप्त्यासकट घरखर्च ५२ हजार, १० हजारांची एसआयपी, आणि बँकेत ४ लाखांची एफडी. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी मिळतंय. मायलेज ९ वरून ११ वर जाईल आणि गाडीची किंमतही वाढेल, असं मेकॅनिकचं म्हणणं. कर्ज काढू की एफडी मोडू?

उत्तर: दोन्ही नको. व्याजाचं नंतर बघू, आधी गाडीची आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) बाहेर काढा आणि त्यावर क्युबिक कपॅसिटीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. तिथे ९७० असेल. जे इंजिन तुम्ही बसवायला निघालात ते १२९८ सीसीचं आहे. तुमच्या २ लाख १० हजारांचं भवितव्य या दोन आकड्यांतल्या फरकावर ठरतं, आणि मेकॅनिकच्या कोटेशनमध्ये त्याची एक ओळही नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने मूळ जो तपशील दिलाय त्याच्याशी आरसीवरची नोंद जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये मालकासाठी शिक्षाही आली: अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन खराब झालं तर त्याच मेकचं, त्याच टाइपचं दुसरं बसवायला वाट आहे. १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा. तुमचा मेकॅनिक म्हणेल, 'मारुतीचंच आहे की, जिप्सीचंच आहे की.' मेक तेच, हे कबूल. टाइप मात्र वेगळा. तुमचं इंजिन एफ१०ए, आठ व्हॉल्व्हचं, ४५ अश्वशक्तीचं. १९९६ च्या किंगमध्ये १.३ लिटर आलं, ६० अश्वशक्तीचं, तेही कार्बोरेटरवरच. २००० साली त्याला सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय मिळून ते ८० वर गेलं. तुम्हाला हवंय ते हे तिसरं. नाव एकच असलं तरी या दोन वेगळ्या काळातल्या गाड्या आहेत.

'कोण बघतंय' हे मी पुष्कळ वेळा ऐकलंय. रस्त्यावर कदाचित कोणीच बघणार नाही. पण ९४ च्या गाडीची पंधरा वर्षं २००९ ला संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, म्हणजे पुढची फेरी २०२९ ला. त्या दिवशी निरीक्षक चॅसी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही ताडून बघणार. वीस वर्षांवरच्या हलक्या चारचाकीला २०२५ पासून नूतनीकरणाची फी १० हजार आहे, पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरून गाडी तिथेच अडकली, तर घातलेल्या इंजिनासकट सगळंच अडकलं. जुनं इंजिन तोवर भंगारात गेलेलं असेल.

विम्याची बाब मला याहून गंभीर वाटते. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी चारचाकीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० पर्यंत ३,४१६. म्हणजे तुम्ही खालच्या पट्टीचा हप्ता भरून वरच्या पट्टीची गाडी चालवणार. फरक तेराशे रुपयांचा, पण तो न सांगितल्याचा अर्थ मोठा. गाडीचं स्वतःचं नुकसान झालं तर दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळतं. आणि देव न करो, घाटात कोणाला धडक बसली, तर जखमीला भरपाई देऊन कंपनी ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायचा प्रयत्न करू शकते. अपघाताच्या भरपाईचे आकडे लाखांत असतात. गृहकर्ज चालू असलेल्या, एकट्याच्या पगारावर चालणाऱ्या घराने हा धोका पस्तीस अश्वशक्तींसाठी अंगावर घ्यावा, असं मला अजिबात वाटत नाही.

आता कोटेशन. एमपीएफआय म्हणजे इंजिनाबरोबर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंगचा पूर्ण हार्नेस, सेन्सर, टाकीतला इलेक्ट्रिक पंप आणि पेट्रोल परत टाकीत आणणारी लाइन. तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स चार गिअरचा, किंगचा पाच गिअरचा. जुना नव्या इंजिनाला सरळ बसत नाही. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मध्ये एक छोटा शाफ्ट. गिअरबॉक्स बदलला की त्या शाफ्टची लांबी, माउंटिंग, क्लच, रेडिएटर, सायलेन्सर, सगळं ओघाने आलं. शिवाय ताकद जवळजवळ दुप्पट झाली की ब्रेकही त्या तोलाचे हवेत, आणि ब्रेकचा तर कोटेशनमध्ये उल्लेखच नाही. अशा कामाचं बिल कोटेशनच्या आत राहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. तुमच्या जागी मी पावणेतीन लाख धरून चालले असते. (कोणीतरी तुम्हाला मारुती एस्टीमचं इंजिन स्वस्तात पडतं असंही सुचवेल. ते आडवं बसणारं, पुढची चाकं ओढणारं. जिप्सीत घालायचं तर संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), माउंटिंग सगळं बदलावं लागतं. आणि कागदाची अडचण आहे तिथेच.)

मायलेजचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर करू. वर्षाला ४ हजार किलोमीटर धरू. ९ च्या मायलेजला ४४४ लिटर, ११ ला ३६४. वाचले ८० लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाचे साडेआठ हजारही होत नाहीत. २ लाख १० हजार वसूल व्हायला पंचवीस वर्षं लागतील, तोवर गाडी साठीकडे झुकलेली असेल. कर्ज काढलंत तर महिन्याला साधारण ७,१८० चा हप्ता आणि तीन वर्षांत ४८ हजारांच्या वर व्याज. म्हणजे पेट्रोलमध्ये वर्षाला साडेआठ हजार वाचवण्यासाठी व्याजातच वर्षाला सोळा हजार घालवायचे.

किंमत वाढेल हेही खरं धरू नका. जुनी जिप्सी घेणारे दोन प्रकारचे. एकाला कागद स्वच्छ आणि गाडी कंपनीतून निघाली तशी हवी असते, आणि तोच चांगला पैसा देतो. दुसरा गाडी चिखलात घालणारा; तो तुमची गाडी घेईल, पण आरसीकडे बोट दाखवून भाव पाडेल. गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत बदललेल्या इंजिनांच्या गाड्या उतरतात. ट्रेलरवरून न्यायची, बंद ट्रॅकवर चालवायची आणि ट्रेलरवरूनच घरी आणायची, असा कोणाचा बेत असेल तर माझं म्हणणं वेगळं असतं. तुम्हाला कराडहून चिपळूणला घरच्यांना घेऊन जायचंय.

एफडीचं बघू. घरखर्च ५२ हजार. सहा महिन्यांचे ३ लाख १२ हजार तुम्ही शिवायचेच नाहीत. घरात आई-वडिलांची आजारपणं असतील तर मी आठ महिन्यांचेही म्हटले असते, पण तुमच्याबद्दल मला तेवढी माहिती नाही, म्हणून सहाच धरते. उरतात ८८ हजार. गाडीवर खर्च करायला तुमच्याकडे आज एवढेच पैसे आहेत. एसआयपीला हात लावायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा.

८८ हजारांत काय होतं? मूळ इंजिन उतरवून नीट काम. निळा धूर आणि ऑइल पिणं ही पिस्टनच्या रिंगा, बोअर (सिलिंडरची आतली भिंत), नाहीतर व्हॉल्व्ह सील झिजल्याची लक्षणं. बोअरिंग, ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा, हेडचं काम, गरज असेल तर क्रँक ग्राइंडिंग, नवे सील, कार्बोरेटर साफ करून ट्यूनिंग. यातलं काहीही आरसीला धक्का लावत नाही. हे काम करणाऱ्या मशीन शॉपमध्ये ब्लॉक नेऊन आधी बोअर मोजून घ्या आणि हेडला क्रॅक आहे का तपासायला सांगा. लेखी अंदाज घ्या, आणि तो ७५ हजारांच्या वर गेला तर काम सुरू करू नका. उरलेले १३ हजार मध्येच निघणाऱ्या कामांसाठी लागतील, ती निघतातच. ४५ ची ताकद ४५ च राहणार, हे मात्र मान्य करून चला. निरोगी एक लिटर घाट चढतं, घाई करत नाही.

आणि ८० अश्वशक्ती हवीच असेल, तर ते इंजिन ज्या गाडीत कंपनीने बसवलंय ती अख्खी गाडी घ्या. पाच गिअर, त्या इंजिनाला साजेसे ब्रेक, आरसीवर १२९८. तुमच्या गाडीला दीड लाख मिळाले आणि चांगल्या कागदांची २००० नंतरची किंग पावणेचार-चार लाखांत सापडली, तर फरक सव्वादोन-अडीच लाखांचा. बँकेला जो ७,१८० चा हप्ता देणार होतात, तोच आवर्ती ठेवीत टाका. वीस महिन्यांत १ लाख ४३ हजार मुद्दल, वर व्याज, आणि हे ८८ हजार, म्हणजे सव्वादोन लाखांच्या पुढे. पण मामांची गाडी विकवत नाही असं असेल तर ही वाट तुमची नाही, आणि मग इंजिनाचं काम करून घेणं एवढंच उरतं. मी तेच करा म्हणेन.

राहिला बयाणा. १५ हजार गेले म्हणून उरलेले १ लाख ९५ हजार घालायचे नसतात. मेकॅनिककडे जाऊन आधी विचारा की हे इंजिन कोणत्या गाडीतून निघालं, त्या गाडीच्या आरसीची प्रत आणि खरेदीचं बिल आहे का. बिल नसेल तर पैसे परत मागायला तुमच्याकडे चांगलं कारण आहे; ज्या इंजिनाचा मूळ मालक माहीत नाही ते उद्या पोलिसांच्या यादीतही निघू शकतं. बिल असेल तर तेवढे पैसे तुमच्याच इंजिनाच्या कामात वळते करून घ्यायला सांगा. तुमच्याकडे तो वर्षानुवर्षं काम करतोय, बहुतेक ऐकेल. नाहीच ऐकलं, तर १५ हजारांवर पाणी सोडा, ८८ मधून ते वजा करू नका. पुढच्या दोन महिन्यांच्या शिलकीतून भरून निघतील.