१९६९ च्या शेवरले कॅमॅरोमध्ये जुन्या ३५० (घन इंच) इंजिनाऐवजी शेवरलेचंच नवं एलएस३ व्ही-८ इंजिन बसेल का? बॉडी कापावी लागेल का?

बसेल, आणि बॉडी कापावी लागणार नाही. शेवरलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉकची (३५० याच कुळातलं) आणि एलएसची सिलिंडरमधली अंतरं सारखीच, ४.४ इंच, गिअरबॉक्सकडचे बोल्टही जवळपास जुळतात. इंजिन माउंट मात्र वेगळे, त्यासाठी अडॅप्टर प्लेट तयार मिळतात. एलएसचा मूळ ऑइल पॅन खालच्या क्रॉसमेंबरला (चासिसच्या आडव्या पट्टीला) अडतो, म्हणून स्वॅपसाठीचा (इंजिन बदलासाठीचा) उथळ पॅन आधीच घ्या. खरं काम पेट्रोलच्या लाइनचं आहे. कार्ब्युरेटरला ६-७ पीएसआय (दाबाचं एकक) पुरतं, एलएसच्या इंजेक्शनला सुमारे ५८ लागतं. जुना मेकॅनिकल पंप इथे निरुपयोगी. टाकीतच इलेक्ट्रिक पंप बसवा, हाय-प्रेशर होज वापरा आणि यात पैसे वाचवू नका, आग लागण्याचा धोका इथेच असतो. वायरिंगसाठी ईसीयूसकट (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरसकट) तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, घेतलात तर बरीच डोकेदुखी टळते. पुढे ड्रम ब्रेक असतील तर ४३० अश्वशक्तीच्या इंजिनाआधी डिस्क लावा.

फक्त एक: गाडी अस्सल झेड/२८ किंवा एसएस (कॅमॅरोची खास मॉडेलं) असेल आणि इंजिनावरचा नंबर गाडीशी जुळत असेल, तर मी स्वॅप करणार नाही. करायचाच असेल तर मूळ इंजिन विकू नका, जपून ठेवा.