चुनखडकाचे वय: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

चुनखडकात कार्बन भरपूर असतो. मग कार्बन-१४ वापरून त्याचे वय का काढत नाहीत?

कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. साधारण ५०,००० वर्षांनी मोजण्याजोगे काही उरत नाही. विंध्य महासमूहातला (मध्य भारतातल्या प्राचीन थरांच्या खडकांतला) रोहतास चुनखडक सुमारे १६० कोटी वर्षांचा आहे. तिथे स्ट्रॉन्शियम आणि शिसे यांचे समस्थानिकच (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) कामाला येतात.

स्ट्रॉन्शियमवरून वय नेमके कसे कळते?

समुद्रात स्ट्रॉन्शियम काही दशलक्ष वर्षे टिकतो, आणि समुद्र मात्र हजार-दीड हजार वर्षांत पुरता ढवळून निघतो. म्हणून एका काळी जगभरच्या समुद्रात स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर एकच असते. आज ते ०.७०९१७ आहे. खंडांची झीज वाढली की ते चढते, सागरतळावरच्या उष्ण झऱ्यांचा वाटा वाढला की उतरते. कॅल्साइट (चुनखडकाचे मुख्य खनिज) तयार होताना हे गुणोत्तर त्यात अडकते आणि ज्यापासून नवा स्ट्रॉन्शियम-८७ बनतो ते रुबिडियम जवळपास नसल्याने पुढे बदलत नाही. आपला आकडा काळानुसार आखलेल्या वक्राशी जुळवायचा.

अडचण अशी की वक्र वर-खाली होतो. ०.७०७५ हा आकडा जुरासिकच्या सुरुवातीलाही मिळतो आणि क्रेटेशियसच्या उत्तरार्धातही. त्यातला कुठला, हे जीवाश्मांनी ठरवावे लागते. गेल्या चार कोटी वर्षांत वक्र चढताच आहे, त्यामुळे ही पद्धत तिथे उत्तम चालते. कँब्रियनपूर्व (सुमारे ५४ कोटी वर्षांहून जुन्या) काळात वक्र विरळ बिंदूंवर आखलेला आहे, म्हणून तिथे नुसत्या स्ट्रॉन्शियमवरून वय सांगू नये.

यवतमाळ-चंद्रपूर भागात पैनगंगा गटाचा चुनखडक आहे. त्याचे नमुने घेताना काय पाहावे?

मूळ समुद्राची खूण खडकात शाबूत आहे का, हे. पुढचे सगळे यावर अवलंबून आहे, आणि घाई बहुतेक इथेच होते.

खाणीचा ताजा कडा निवडा. पिवळट-तांबूस पडलेला पृष्ठभाग, कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरा, शेलचे (चिकणमातीपासून बनलेल्या खडकाचे) पापुद्रे टाळा. प्रत्येक नमुन्याची थरातली उंची लिहून ठेवा, नाहीतर तो कितीही चांगला असला तरी निरुपयोगी. मग पातळ काप करून कॅथोडोल्युमिनेसन्सखाली (इलेक्ट्रॉनांचा मारा करून खनिजांची चमक दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) पाहा. चमकदार नारिंगी उजेड दिसला तर नंतरच्या पाण्यातून मँगनीज शिरल्याचा संशय घ्या. काळा दिसला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका, कारण लोह ती चमक दाबून टाकते. सर्वांत बारीक कणांच्या भागातूनच सूक्ष्म ड्रिलने काही दहा मिलिग्रॅम भुकटी काढा. मँगनीज-स्ट्रॉन्शियम गुणोत्तर २ च्या आत असावे. डेल्टा-ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचा मानकाच्या तुलनेतला फरक) उणे १० प्रति हजारपेक्षा खाली गेला असेल तर तो नमुना बाजूला ठेवा.

आमचे गुणोत्तर अपेक्षेपेक्षा जास्तच येते. कुठे चुकते?

बहुधा आम्लात. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल चुनखडकाबरोबर त्यातल्या चिकणमातीलाही खाते. मातीतल्या रुबिडियम-८७ पासून तयार झालेला स्ट्रॉन्शियम-८७ द्रावणात उतरतो आणि आकडा फुगतो. आधी १ मोलर अमोनियम ॲसिटेटने भुकटी धुवा, म्हणजे कणांना वरवर चिकटलेला स्ट्रॉन्शियम निघून जातो. मग ०.५ मोलर ॲसिटिक आम्लात कॅल्साइट विरघळवा आणि सेंट्रिफ्यूज करून गाळ काढून टाका. द्रावण सुकवून ३ मोलर नायट्रिक आम्लात घ्या, स्ट्रॉन्शियम पकडणाऱ्या रेझिनवर घाला आणि शेवटी स्ट्रॉन्शियम शुद्ध पाण्याने उतरवा. यंत्रावर वस्तुमान ८५, म्हणजे रुबिडियमचा दुसरा समस्थानिक, पाहायला विसरू नका. थोडे रुबिडियम उरले तरी ते ८७ वर स्ट्रॉन्शियमसारखेच मोजले जाते. एनबीएस-९८७ हे मानक (गुणोत्तर आधीच ठाऊक असलेला तपासणीचा नमुना) ०.७१०२५ च्या आसपास येत नसेल तर नमुन्यांचे आकडे जाहीर करू नका.

रोहतासचे शिसे-शिसे वय १६०.१ ± १३ कोटी वर्षे दिले जाते. १३ कोटींची अनिश्चितता असेल तर उपयोग काय?

या पद्धतीत शिसे-२०७ आणि २०६ ही दोन्ही २०४ च्या तुलनेत आलेखावर मांडतात. रेषेच्या उतारावरून वय मिळते. युरेनियम मोजावे लागत नाही, त्यामुळे अलीकडच्या झिजेत ते वाहून गेले असले तरी बिघडत नाही. पण बिंदू दूरदूर पसरायला नमुन्यांतले युरेनियम-शिसे प्रमाण वेगवेगळे लागते. चुनखडकात ते पुष्कळदा सारखेच असते, बिंदू एका ठिकाणी गर्दी करतात आणि उतार सैल राहतो.

तरीही उपयोग आहे. १९९८ मध्ये रोहतासमधून सुरुवातीच्या कँब्रियनमधले, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचे, जीवाश्म मिळाल्याचा दावा झाला होता. तो वाद मिटवायला १३ कोटींची अनिश्चितता मुळीच आड येत नाही. रोहतासच्या खालच्या पोर्सेलनाइट थरातल्या ज्वालामुखी राखेतील झिरकॉन या खनिजाने १६२.८ ± ०.८ कोटी वर्षे दिली, तीही याच्याशी जुळतात. मात्र एकाच चुनखडकातल्या दोन थरांत किती काळ गेला, हे शिसे-शिसे पद्धतीला विचारू नका. त्यासाठी राखेचा थर शोधावा लागेल.