सीमा की मर्यादा? आणि कलनातला ‘कल’ कुठला?

प्रश्न थोडक्यात असा: “मुलगी अकरावीत आहे. शिकवणीतले सर लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रल म्हणतात. घरी मराठीत समजावायला बसलो तर एका पुस्तकात विकलन, दुसऱ्यात अवकलन. इथे संकलन, तिथे समाकलन. यातलं बरोबर काय? लिमिटला सीमा म्हणावं की मर्यादा? आणि कलन (कॅल्क्युलस) म्हणजे निवडणुकीत पाहतात तसा ‘कल’ पाहणं का?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण मलाही एके काळी तसंच वाटायचं. वक्ररेषा एखाद्या बिंदूपाशी किती कलली आहे हेच तर डेरिव्हेटिव्ह सांगतो! उन्हं कलतात, भिंत कलते, तशी रेषाही कलते. पण ही जुळणी योगायोगाची आहे. कलनातला धातू संस्कृत ‘कल्’, म्हणजे मोजणं, गोळा करणं, जाणणं. आकलन त्याचंच, आणि आपलं रोजचं ‘कळणं’ही त्याच घरातलं. तेव्हा “मला कलन कळत नाही” असं कुणी म्हणालं की एकच धातू दोनदा वापरून होतो. तिकडे कॅल्क्युलस म्हणजे लॅटिनमध्ये बारीक खडा. हिशेब खड्यांनी करत, त्यावरून. डॉक्टरांच्या अहवालात मूतखड्याला कॅल्क्युलस म्हटलेलं असतं तो हाच शब्द.

आता संकलन. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) बेरीज-वजाबाकीला संकलित आणि व्यवकलित असे शब्द आहेत. म्हणजे इंटिग्रलला संकलन म्हणणारा माणूस त्याला सरळ ‘बेरीज’ म्हणतो आहे, आणि ते अगदी खरं आहे. ∫ हे इंटिग्रलचं चिन्ह कलनाच्या जनकांपैकी एक, जर्मन गणिती लायब्निझ, याने 1675 मध्ये योजलं, तेही ‘सुम्मा’ म्हणजे बेरीज या लॅटिन शब्दाचं लांब ओढलेलं पहिलं अक्षर. त्याला शास्त्राचं नावही बेरजेवरूनच हवं होतं. ‘इंटिग्रल’, म्हणजे तुकड्यांतून पुन्हा अखंड केलेलं, हा शब्द याकोब आणि योहान या स्विस गणिती बर्नुली बंधूंनी रूढ केला. छापील मजकुरात तो 1690 मध्ये याकोब बर्नुलीच्या लेखात येतो. थोडक्यात, संकलन हा लायब्निझच्या बाजूचा शब्द. समाकलन त्यापासून वेगळा ओळखू यावा एवढ्यासाठी सोयीचा, कारण संकलन आपण रक्ताचं करतो, माहितीचं करतो, सिनेमाचंही करतो. मी घरी बोलताना संकलन म्हणतो, लिहिताना समाकलन. मराठी विश्वकोशातल्या नोंदीचं नावही ‘अवकलन व समाकलन’ असंच आहे.

तुकडे करून बेरीज घेण्याची युक्ती भास्कराचार्यांनीही वापरली आहे. गोलाचं पृष्ठफळ काढताना ते आवळ्यावरच्या उभ्या रेषांसारख्या रेषांनी गोलाच्या फोडी कल्पितात. मुलीच्या हातात आवळा द्या, निम्मं समाकलन तिथेच होईल.

विकलन की अवकलन, यात फारसं अडू नका. दोन्ही चालतात. मला ‘विकलन’ ऐकताना ‘विकल’ आठवतो आणि गणिताला काहीतरी दुखतंय असं वाटतं, म्हणून मी अवकलनाकडे झुकतो. ही आवड झाली, नियम नव्हे.

खरा गुंता लिमिटचा. लॅटिन ‘लीमेस’ म्हणजे शेताची हद्द, आपला बांध. सीमा म्हणजेही तेच, शीव. त्यामुळे भाषांतर चोख झालं, पण मूळ शब्दातली फसवणूकही त्याच्याबरोबर आली. बांध म्हटला की तो ओलांडायचा नाही असं मनात बसतं. 0.9, 0.99, 0.999 … या क्रमिकेची (ओळीने येणाऱ्या संख्यांची) सीमा 1. अशी उदाहरणं नेहमी दिली जातात आणि ती त्या समजाला खतपाणी घालतात, कारण इथे 1 खरोखरच कधी ओलांडला जात नाही.

त्याऐवजी हे घ्या: 1, −1/2, 1/3, −1/4, 1/5 … याची सीमा 0. पण क्रमिका दर पावलाला शून्याच्या या बाजूने त्या बाजूला उडी मारते. रोजच दसरा, रोजच सीमोल्लंघन! आणि 5, 5, 5, 5 … ही तर पहिल्यापासून शिवेवरच बसून आहे. सीमेची अट ओलांडू नये अशी नाहीच. अट एवढीच की सीमेभोवती कितीही अरुंद पट्टा आखा, एका ठिकाणानंतरची सगळी पदं त्या पट्ट्यात असली पाहिजेत.

मग मर्यादा कशासाठी? वरच्याच उदाहरणात एकही पद 1 च्या वर जात नाही आणि −1/2 च्या खाली उतरत नाही. या झाल्या मर्यादा, वेगमर्यादेतल्या अर्थाने. सीमा 0, मर्यादा 1 आणि −1/2. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शब्दही दोन आहेत, तर ते वेगळेच ठेवूया. आणि ‘टेंड्स टू’साठी तुमचा ‘कल’ वापरा ना! “क्ष 2 कडे कलतो” हे “क्ष 2 होतो” पेक्षा कितीतरी अचूक आहे.

तुम्ही ऑप्टिमायझेशनचं विचारलं नाही, पण ते पुढे येईलच. म्हणजे सगळ्यांत चांगला पर्याय शोधणं. त्याला इष्टतमीकरण म्हणतात. उच्चारायला अवघड, पण ‘इष्ट’ मोलाचा आहे: कधी जास्तीत जास्त हवं असतं, कधी कमीत कमी. लसावि-मसाविमुळे लघुतम आणि महत्तम मुलांना ओळखीचे असतात. गोठ्याच्या भिंतीला लागून 40 मीटर तारेने तीन बाजूंचं आयताकृती कुंपण घालायचं आहे. भिंतीपासून निघणाऱ्या बाजू क्ष, तर क्षेत्रफळ क्ष(40 − 2क्ष). अवकलन 40 − 4क्ष, ते शून्य होतं क्ष = 10 ला, आणि जागा मिळते 200 चौरस मीटर. क्ष 9 घ्या किंवा 11, दोन्हीकडे 198 च.

महत्तमापाशी बदल शून्य होतो हे भास्कराचार्यांच्या ग्रहगणितातही दिसतं. ग्रहाच्या मध्यम (सरासरी गतीने येणाऱ्या) आणि स्पष्ट (प्रत्यक्ष) स्थानांतल्या फरकाला ते ‘फल’ म्हणतात, आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ या आपल्या ग्रंथाच्या गोलाध्यायात सांगतात की जिथे मध्यम गती हीच स्पष्ट गती असते तिथे फल ‘परम’ असतं. दोन्ही गती सारख्या, म्हणजे त्या क्षणी फरक वाढतही नाही, घटतही नाही. महत्तमासाठी ‘परम’ हा शब्द पाठ्यपुस्तकांनी उचलायला हरकत नव्हती.