वीस वर्षांची पोर्ट आणि तिचा रंग

प्रश्न : मुलगी नोकरीनिमित्त पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात राहते. यंदा आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. एका रेस्टॉरंटमध्ये जेवण झाल्यावर तिने आग्रहाने ‘२० वर्षांची टॉनी पोर्ट’ मागवली. आम्हाला गोव्याची लाल, गोड पोर्ट वाईन माहीत. इथे लहानशा ग्लासात तपकिरी आणि चक्क गार वाईन आली. यजमानांना वाटलं, जुनी होऊन खराब झाली असणार. मला चव आवडली, पण आपण काय प्यायलो ते कळलं नाही. मेन्यू कार्डावर ‘कोल्येइता’ आणि ‘व्हिंटेज’ हेही प्रकार होते, व्हिंटेज सगळ्यांत महाग. पुढच्या वेळी काय मागवावं? मुलगी येताना टॉनीची एक बाटली आणणार आहे. ती किती दिवस टिकेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, लेकीने योग्य तेच मागवलं. मुंबईच्या हॉटेलांत मी वर्षानुवर्षं वाईन वाढली आहे. जेवणानंतर काही गोड प्यायचं असेल, तर वीस वर्षांच्या टॉनीइतकं समाधान मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. यजमानांची शंका रास्त आहे, कारण साधी लाल वाईन अशी तपकिरी झाली तर ती बहुधा गेलेलीच असते. टॉनीचा, म्हणजे लाकडी पिंपांत मुरलेल्या पोर्टचा, मात्र तो हक्काचा रंग आहे, आणि तो कमवायला तिला वर्षं लागतात.

पोर्टची द्राक्षं पोर्तोत पिकत नाहीत. ती पिकतात पूर्वेला, दोरो नदीच्या वरच्या खोऱ्यात, खडकाळ उतारांवर बांध घालून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांत. या प्रदेशाची हद्द १७५६ सालीच आखली गेली. रस आंबू लागला की त्यातल्या साखरेचं अल्कोहोल होऊ लागतं. पोर्ट करताना हे काम मध्येच थांबवतात : साधारण चार भाग रसात एक भाग, ७७ टक्के अल्कोहोल असलेलं द्राक्षांचंच कडक मद्य ओततात. यीस्ट तिथेच थांबतं आणि उरलेली साखर शाबूत राहते. तुम्हाला लागली ती गोडी द्राक्षांची. अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जातं, म्हणून ग्लास लहान.

तुम्ही नदीकाठी पिंपं लादलेल्या लांबट होड्या पाहिल्या असतील. पूर्वी वाईन त्यांतूनच खाली यायची आणि पोर्तोच्या समोरच्या काठावर, व्हिला नोव्हा दे गायाच्या कौलारू वखारींत मुरायची. तिथे समुद्राची दमट, गार हवा असते. मोठमोठ्या लाकडी पिंपांत हवा अगदी मंदपणे वाईनपर्यंत पोचते, थोडी वाईन दरसाल उडून जाते, उरलेली दाट होते. लाल रंग हळूहळू विरतो. ताज्या फळाचा वास जाऊन अक्रोड, सुकं अंजीर, जर्दाळू, संत्र्याची साल असे वास येतात. ग्लास पांढऱ्या रुमालासमोर थोडा तिरका धरून बघा, कडेला सोनेरी झाक दिसेल. घोट लगेच गिळू नका. गोडीच्या मागून येणारा आंबटपणा जाणवला पाहिजे. तो नसेल तर वाईन नुसती चिकट लागते.

‘२०’ हा आकडा जन्मतारीख नव्हे. निरनिराळ्या सालांची पिंपं एकत्र करून त्या वयाला शोभेल अशी चव जुळवलेली असते, आणि पोर्ट वाईनवर देखरेख करणारी संस्था चाखून तिला मान्यता देते. १०, २०, ३०, ४० असे टप्पे आहेत. २०२२ मध्ये ५० वर्षांचाही आला. दहाच्या टॉनीत फळ पुढे असतं, चाळिसाची फार एकाग्र आणि खिशाला जड. विसाव्या वर्षी दोन्हींचा मेळ बसतो, म्हणून माझं मत तिलाच. कोल्येइता म्हणजे एकाच सालच्या द्राक्षांची, किमान सात वर्षं लाकडात मुरलेली टॉनी. मुलीच्या जन्मसालाची मिळाली तर जरूर मागवा.

व्हिंटेजची गोष्ट निराळी. ती दोन-तीन वर्षांतच पिंपातून बाटलीत जाते आणि पुढे बाटलीतच दशकानुदशकं मुरते. रंग गडद राहतो, तळाशी गाळ बसतो, वाढण्याआधी ती सावकाश ओतून वेगळी करावी लागते. बाटली उघडल्यावर एक-दोन दिवसांत तिची जान जाते. म्हणून रेस्टॉरंटमध्ये ग्लासाने व्हिंटेज घेताना “बाटली कधी उघडली?” हे विचाराच. विचारण्यात संकोच कसला? पैसे तुम्ही मोजणार आहात. उत्तर गोलमोल आलं, तर मुकाट्याने टॉनी घ्यावी.

गोव्यातली पोर्ट वाईन ही वेगळी चीज. पोर्तुगीज गोव्यातून १९६१ मध्ये गेले, नाव राहिलं. द्राक्षं मात्र दोरोची नाहीत आणि इतकी वर्षं पिंपात मुरवणंही नाही. तिला तिच्या जागी राहू द्या, या ग्लासाशी ताडून पाहू नका.

आता बाटली. परदेशातून येताना प्रत्येक प्रौढाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, तेव्हा एका बाटलीची चिंता नको. लेबलवर बाटलीत भरल्याचं साल छापलेलं असतं; लेकीला अलीकडचं बघून घ्यायला सांगा, कारण टॉनीचं मुरणं पिंपाबाहेर आल्यावर थांबतं. ती ठेवून आणखी चांगली होत नाही. तिचं बूच हातानेच निघतं आणि परत बसतं. सांगलीच्या उन्हाळ्यात ती कपाटात ठेवू नका, फ्रिजमध्ये उभी ठेवा. उघडल्यावर महिनाभर तरी मजेत टिकेल. प्यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा, बर्फ घालू नका. जिलबी-गुलाबजामासोबत ती फिकी पडते. भाजलेले, किंचित खारवलेले बदाम उत्तम. पोर्तुगालमध्ये तिच्यासोबत अंड्याच्या बलकाच्या मिठाया खातात. त्याच घराण्यातली बिबिंका गोव्याहून कुणी आणून दिली, तर बाटली त्या दिवशी उघडा.